पाव, अर्धा, पाऊण: पूलमधली नेम धरण्याची पद्धत काही महिने वापरल्यावर

पूलमधली नेम धरण्याची पद्धत शिकवणारा, पैसे भरून घेतलेला कोर्स रिन्यू करा असा मेसेज आला, आणि त्याच आठवड्यात आमच्या पूल पार्लरच्या मालकाशी बॉल पुसण्यावरून वाजलं. दोन्ही भांडणं शेवटी एकाच मुद्द्यावर येतात, म्हणून एकत्रच लिहितो. कट, स्टन, स्क्रू हे शब्द ज्यांना समजावून सांगावे लागत नाहीत त्यांच्यासाठी हा अनुभव आहे; बाकीच्यांसाठी अर्थ कंसात दिलेत.

आधी पद्धत, थोडक्यात. पांढरा बॉल (काठीने, म्हणजे क्यूने, मारतो तो) भिडताना त्याने रंगीत बॉलचा किती हिस्सा झाकायचा एवढंच बघायचं. पूर्ण झाकला की बॉल सरळ जातो. पाऊण झाकला की कट (रंगीत बॉल सरळ रेषेपासून जितका तिरका जातो तो कोन) साधारण १४.५ अंशांचा, अर्धा झाकला की बरोबर ३० अंशांचा, पाव झाकला की ४८.६ अंशांचा. गणित शाळेतलंच आहे: जेवढा हिस्सा मोकळा राहिला तेवढी त्या कोनाची साइन. अर्ध्या बॉलसाठी पांढऱ्याचं केंद्र रंगीत बॉलच्या कडेवर धरायचं. पाऊण बॉलसाठी ते रंगीत बॉलच्या केंद्राच्या आणि कडेच्या बरोबर मध्ये धरायचं. पाव बॉलला मात्र पांढऱ्याचं केंद्र हवेत पडतं, तिथे बघायला काहीच नसतं. म्हणून पांढऱ्याची आतली कड रंगीत बॉलच्या केंद्र आणि कडेच्या मध्यावर नेऊन ठेवायची.

आपल्याकडे बहुतेक जण घोस्ट बॉलवर शिकतात. "जिथं पांढरा पोचायला पाहिजे तिथं एक बॉल ठेवलाय असं समज आणि त्याला मार." हे ऐकायला सोपं आहे. पण ५७ मिलिमीटरचा नसलेला बॉल हिरव्या कापडावर कल्पनेने उभा करायचा आणि खाली वाकल्यावर तो जागचा हलू द्यायचा नाही, हे माझ्या डोळ्यांना कधीच जमलं नाही. उभा असताना दिसायचा, वाकलो की गायब. अर्ध्या बॉलमध्ये तसं होत नाही. कड खरी आहे, ती दिसते, आणि वाकल्यावरही तिथेच असते. पहिल्या काही दिवसांतच अर्ध्या बॉलचे शॉट असे जायला लागले की मी कोर्सचे पैसे विसरलो. आणि पैसे कमी नव्हते. तेवढ्यात दीडेक महिना टेबल मिळालं असतं.

मग गाडी अडली.

कोपऱ्यापासून मीटरभर लांब असलेला बॉल, अर्धा बॉलचा कट, पांढरा फार पळू नये म्हणून हळू स्टन (भिडताना पांढरा लोळत नाही, नुसता घसरत येतो असा फटका). नेम तोच, उभं राहणं तेच, आणि बॉल दर वेळी जाड जाणार, म्हणजे कट कमी होऊन पॉकेटच्या अलीकडच्या कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागणार. जोरात मारला की पडायचा, हळू मारला की नाही. त्या काळात हा अनुभव लिहिला असता तर "पद्धत खोटी, पैसे पाण्यात" एवढीच ओळ लिहिली असती. कोर्समध्ये यावर एकच उत्तर होतं: नेम पुन्हा तपासा. सपोर्टला लिहिलं तर तेच उत्तर, तीच वाक्यं, खाली वेगळं नाव.

नंतर एका ओळखीच्यांबरोबर एका जिमखान्यात खेळायचा योग आला. तिथले बॉल चकचकीत होते, हातात घेतले तर बोटांवरून घसरत होते. तोच शॉट, तोच हळू स्टन, आणि बॉल पॉकेटमध्ये. परत मारला, परत पॉकेटमध्ये. तिथून माझं मत फिरलं ते फिरलंच.

दोन बॉल एकमेकांना भिडतात तेव्हा त्या क्षणापुरतं त्यांच्यात घर्षण असतं. पांढरा तिरका घासत जातो आणि जाताना रंगीत बॉलला आपल्या जाण्याच्या दिशेने थोडा ओढतो. याला थ्रो म्हणतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकवलेल्या डेव्हिड अल्सियाटोर यांनी हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या व्हिडिओंसह समजावलंय. पूल जगत त्यांना 'डॉ. डेव्ह' म्हणूनच ओळखतं. सार असं की थ्रो सगळ्यात जास्त होतो तो हळू स्टनवर आणि अर्ध्या बॉलच्या आसपासच्या कटवर. म्हणजे या पद्धतीचा जो हुकमी शॉट, तिथेच तो सगळ्यात जास्त नडतो. जोर वाढवला की थ्रो कमी, पांढरा पुढे लोळत किंवा स्क्रू (उलटी फिरकी) घेऊन गेला की कमी, बॉल स्वच्छ असले की कमी. बॉलवर हाताचा तेलकटपणा, चॉकची भुकटी, टेबलाची धूळ बसली की घर्षण वाढतं आणि थ्रोही वाढतो.

आता हिशोब बघा. कोपऱ्याच्या पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच, म्हणजे ११.४ सेंटिमीटर. बॉल ५.७. म्हणजे सरळ येणाऱ्या बॉलला दोन्ही बाजूंना जेमतेम २.९ सेंटिमीटरची मोकळीक. थ्रोमुळे बॉल तीन अंशांनी सरकला तर मीटरभर अंतरावर ५ सेंटिमीटरहून जास्त बाजूला जातो. खेळणाऱ्याचा नेम शंभर टक्के बरोबर असला तरी तो पॉट हुकणार. नेम शिकवण्याचे पैसे घेणाऱ्या कोर्समध्ये हा हिशोब पहिल्या दिवशी फळ्यावर हवा. तो कुठेच नव्हता, हा माझा खरा राग आहे.

तर बॉल पुसणे. मालकांना म्हटलं, "दादा, बॉल खूप मळलेत, निदान आठवड्यातून एकदा तरी धुवा." ते म्हणाले, "महिन्यातून एकदा धुतो की आपण. आजवर कुणी बोललं नाही." मी घरून मऊ कापड नेऊ लागलो. तास सुरू झाला की आधी सगळे बॉल पुसायचे, मग रॅक लावायचा. कापड पहिल्याच दिवशी निळंकाळं झालं. तेव्हा कळलं की पुसायला लागलेली मिनिटंही टेबलाच्या वेळेत धरली जातायत. मी विचारलं, "तुमचेच बॉल मी पुसतोय, त्याचेही पैसे?" उत्तर आलं, "पटत नसेल तर दुसरीकडं खेळा." बिल मी पूर्ण भरलं, पण हे मला मान्य नाही आणि होणारही नाही. टेबलाचं भाडं घेता तेव्हा बॉल खेळण्याजोगे देणं त्यातच आलं. टीव्हीवर स्नूकर बघताना रेफरी मध्येच थांबून बॉल पुसून देतो, तो काही शोभेसाठी नाही.

तोडगा काढला तो पार्लरमध्ये टेबलं सांभाळणाऱ्या मार्करकाकांनी. "उघडायच्या आधी या, बादली देतो." आता शनिवारी लवकर जाऊन आम्ही दोघं कोमट पाण्यात थोडा लिक्विड सोप घालून बॉल धुतो आणि कोरडे पुसून ठेवतो. जुना सेट बेल्जियमच्या अरामिथचा आहे, फिनॉलिक रेझिनचा, आणि इतक्या वर्षांनीही धुतला की झळकतो. स्वस्तातल्या सेटचं तसं नाही. एकदा पृष्ठभाग खरवडला गेला की धुऊनही तो हाताला खरखरीतच लागतो. नवीन पार्लर निवडताना टेबलाआधी बॉल हातात घेऊन बघा.

मार्करकाकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर कोर्सच्या किमतीबद्दल माझं मत पुन्हा बदललं. मी त्यांना मोठ्या उत्साहाने अर्ध्या बॉलचा नेम दाखवला. ते म्हणाले, "हा तर हाफ बॉल. बिलियर्ड्सवाल्यांना आधी हेच शिकवायचे." खरंच आहे. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये पांढरा दुसऱ्या बॉलला लागून स्वतः पॉकेटमध्ये जातो त्या इन-ऑफचा पाया हाफ बॉलच. ज्या पुण्यात १९२२ साली विल्सन जोन्स जन्मले, ज्यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, त्या गावात ही विद्या कुणी नव्याने विकत द्यावी अशी नव्हतीच. आपल्याकडे ती जिमखान्यांच्या खोल्यांत राहिली, पूल पार्लरपर्यंत पोचली नाही. एका मार्करला चहा पाजून जे कळलं असतं त्याला मी कोर्सचे पैसे मोजले.

तरीही कोर्सचं एक श्रेय मी काढून घेणार नाही, आणि ते नेमापेक्षा पोझिशनचं (शॉटनंतर पांढरा कुठे जातो याचं) आहे. पांढरा नैसर्गिक लोळत जाऊन पाव ते पाऊण यांच्यामध्ये कुठेही लागला की त्याची पुढची वाट मूळ दिशेपासून साधारण ३० अंशांनीच वळते. मध्ये नेम बराच बदलला तरी ही वाट फारशी बदलत नाही. तर्जनी आणि मधलं बोट सैलसर फाकवून एक बोट पांढऱ्याच्या मूळ दिशेला धरलं की दुसरं बोट पांढऱ्याची पुढची वाट दाखवतं. यावर माझा खेळ खरोखर बदलला. आधी मी बॉल पाडायचो आणि पांढरा कुठे थांबतोय ते बघत बसायचो. आता शॉट अर्ध्या बॉलचा आहे म्हटलं की पांढरा कुठल्या कुशनला लागणार हे आधीच दिसतं. हा आनंद मोठा आहे, आणि तो कुणी कमी लेखू नये.

पद्धतीची दुसरी अडचण बारीक कटची. पूर्ण ते पाऊण यात साडेचौदा अंश, पाऊण ते अर्धा यात साडेपंधरा, अर्धा ते पाव यात साडेअठरा. आणि पाव बॉलपासून नुसत्या स्पर्शापर्यंत? एक्केचाळीस अंश. म्हणजे अवघड शॉट जिथे सुरू होतात तिथेच खुणा संपतात. अष्टमांश, म्हणजे सुमारे ६१ अंश, ही एक खूण मध्ये घातली तरी दोन्हीकडे मोठी रिकामी जागा राहते. तिथे मी आजही अंदाजानेच खेळतो. कुणी "सगळे कट पाच खुणांत" असं सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

सेंटर टू एज नावाची, वाकताना क्यू थोडा फिरवण्याची पद्धत आहे, तिच्यावर जगभर वाद चालतात. मी ती वापरलेली नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

डोळ्यांचं मात्र सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय अर्धा बॉल अर्धा दिसतच नाही. दोन्ही तळहातांची छोटी खिडकी करून लांबच्या एखाद्या वस्तूकडे बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू खिडकीतच राहते तो तुमचा जोरकस डोळा. माझा डावा निघाला, आणि क्यू मी वर्षानुवर्षं हनुवटीच्या मधोमध धरत होतो. क्यू थोडा डावीकडे घेतल्यावर कड जागेवर आली. यात काही विचित्र नाही. सलग पंधरा जागतिक स्नूकर विजेतेपदं मिळवणारे जो डेव्हिस क्यू डाव्या डोळ्याखालीच धरायचे. ही तपासणी फुकट आहे. ती कोर्सच्या पहिल्या धड्यात हवी होती, आणि होती शेवटच्या भागात.

रिन्यूअल करणार नाही. वर्षाची मुदत पैसे भरले त्या दिवसापासून मोजली गेली, शेवटचे धडे मात्र कित्येक महिन्यांनी आले. लिहून विचारलं, तर नियम वाचा म्हणाले. वहीत सगळं उतरवून ठेवलंय, तेवढं पुरेसं आहे.

तुम्ही पैसे भरायच्या आधी एक करून बघा. स्टेशनरीत पंच केलेल्या कागदाला लावायच्या गोल चिकट चकत्या मिळतात. दोन चकत्या टेबलावर वीतभर अंतरावर लावा, एकीवर पांढरा, दुसरीवर रंगीत बॉल. समोरची कुशन लांब असू द्या. पांढऱ्याचं केंद्र रंगीत बॉलच्या कडेवर धरून आधी जोरात स्टन मारा आणि रंगीत बॉल कुशनला कुठे लागला ते मित्राला बघायला सांगा. मग तसाच नेम धरून हळू स्टन मारा. दोन जागांमधलं अंतर म्हणजे हळू मारल्याने तुमच्या पार्लरच्या बॉलवर वाढलेला थ्रो. ते बॉलच्या रुंदीएवढं किंवा जास्त निघालं तर हळू कटवर नेम तेवढा बारीक धरा किंवा पांढऱ्याला बाहेरच्या बाजूने किंचित साइड (बाजूची फिरकी) द्या. मग बॉल धुवा आणि तीच मोजणी पुन्हा करा.