अख्खं अंडं की नुसतं पांढरं? पिवळं फेकण्याआधी हे बघा

मी स्वतः जवळपास दोन वर्षं पिवळा बलक फेकलाय. कोणीतरी सांगितलं कोलेस्टेरॉल वाढतं, मग काय, फेकला. नंतर आकडे बघितले तेव्हा जरा वाईटच वाटलं.

साधारण ५० ग्रॅमचं मोठं अंडं धरा. नुसत्या पांढऱ्यात १७ कॅलरी, ३.६ ग्रॅम प्रोटीन, फॅट जवळपास शून्य. अख्ख्यात ७२ च्या आसपास कॅलरी आणि ६.३ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे "प्रोटीन सगळं पांढऱ्यातच असतं" हे चूक, चाळीस टक्क्यांहून जास्त तर बलकात आहे, शिवाय कोलीन, डी व्हिटॅमिन, ल्युटीन हे सगळं पण पिवळ्यातच. पण वजन कमी करायचं असेल तर पांढरं जिंकतं हे मान्य करायलाच हवं, कारण तेवढ्याच ७० कॅलरीत चार अंड्यांचं पांढरं बसतं आणि प्रोटीन मिळतं १४ ग्रॅम.

आता कोलेस्टेरॉल. एका बलकात साधारण १८५ मिलिग्रॅम असतं, हे खरंच आहे, नाकारायचं कारण नाही. भीती बरीच जुनी आहे, १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह या शास्त्रज्ञानी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्या खराब झाल्या (ससा बिचारा गवत खाणारा प्राणी, त्याच्या शरीराला याची सवयच नाही), पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननी आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत असं सांगितलं आणि ते लोकांच्या डोक्यात कायमचं बसलं. पण आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि खाण्यातून जास्त गेलं की बहुतेकांच्या बाबतीत लिव्हर आपलं उत्पादन कमी करतं. एलडीएल (म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) जास्त वाढवतं ते सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप-बटरमध्ये असतं तसलं, कारण त्यामुळे लिव्हर रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही. अख्ख्या अंड्यात ते १.६ ग्रॅम, आणि एक मोठा चमचा बटरमध्ये ७ ग्रॅम! म्हणजे पिवळं फेकून पांढरं बटरमध्ये परतणाऱ्यांनी नक्की काय वाचवलं?

२०१५ च्या अमेरिकन आहार गाइडलाइन्समधून रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा निघाली, पण म्हणून "आता कितीही खा" असा अर्थ काढणारे पण चुकतायत, तसं कोणीच म्हटलेलं नाही. हार्ट असोसिएशन आता तब्येत चांगली असलेल्यांना दिवसाला एक अख्खं चालेल म्हणते. काही लोकांचं एलडीएल अंड्यांनी खरंच जास्त वाढतं, त्यामुळे आधीच एलडीएल जास्त असेल, डायबेटिस असेल किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर बलक किती खायचे ते डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून ठरवा, इंटरनेटवर विचारून नको.

कच्चं पिणाऱ्यांसाठी एवढंच: शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन ९० टक्क्यांच्या आसपास पचतं, कच्च्यातलं जेमतेम अर्धं, वर साल्मोनेला या बॅक्टेरियाची रिस्क वेगळी. आणि तपकिरी कवच म्हणजे जास्त पौष्टिक असं काही नाही, तो फक्त कोंबडीच्या जातीचा फरक.

माझं सध्या एक अख्खं आणि दोन पांढरी असं चालू आहे, शंभरेक कॅलरीत साडेतेरा ग्रॅम प्रोटीन होतं आणि चवीला पिवळं पण मिळतं, नुसतं पांढरं खाऊन खाऊन रबर चावल्यासारखं वाटायला लागलं होतं.