आधी ‘हंगर गेम्स’ की ‘डायव्हर्जंट’?

दोन्ही मालिका मुळात तीन-तीन पुस्तकांच्या, दोन्हींची नायिका सोळा वर्षांची, दोन्हींवर सिनेमे आलेले. माझा कौल ‘हंगर गेम्स’ला (२००८-१०).

सुझान कॉलिन्सचं पॅनेम, म्हणजे कथेतला देश, पटतं ते भुकेमुळे. बारा जिल्ह्यांतून प्रत्येकी एक मुलगा नि एक मुलगी, असे २४ जण आखाड्यात, एकच जिवंत उरेपर्यंत. पण खरी मेख ही मुलं निवडायच्या चिठ्ठ्यांत आहे. घरासाठी थोडं धान्य-तेल हवं असेल, तर आपल्या नावाची जादा चिठ्ठी टाकायची. म्हणजे गरिबाच्या पोराचंच नाव निघायची शक्यता जास्त. एवढ्या एका नियमात अख्खी राजवट कळते! तिसरा भाग मात्र जड जातो. युद्धाने खचलेल्या नायिका कॅटनिसबरोबर आपणही दमतो.

व्हेरॉनिका रॉथच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११-१३) शिकागोची माणसं गुणांनुसार पाच गटांत वाटलेली. धावत्या रेल्वेतून उड्या मारणारे निर्भय गटवाले धमाल आणतात, पानं पटापट उलटतात. पण एका माणसाला एकच गुण, ही कल्पना जरा खोदली की भुसभुशीत लागते. शेवटच्या भागात तर निवेदक दोन, आणि मला दोघांचा आवाज सारखाच वाटला.

लांबच्या प्रवासात ‘डायव्हर्जंट’ चालेल. ‘हंगर गेम्स’चं पहिलं पुस्तक वाचून थांबलात तरी काही अडत नाही.