स्नोमॅन गेला, मारुती आला: ऋतूंच्या इंग्रजी खेळसंचाचा दहा महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ऋतूंवरच्या इंग्रजी खेळांचा एक परदेशी संच विकत घेतला. पीडीएफ मिळते, छपाई आपली. मराठी माध्यमाची पाचवी, पट 48, शाळा नाशिकच्या पंचवटीत.

खेळ चांगले आहेत. ऋतू मात्र आपले नाहीत. पानगळीची कार्डं वाटली तर पोरं म्हणाली, "बाई, बाहेर तर पाऊस पडतोय."

सगळ्यात जास्त चालला तो स्नोमॅनचा खेळ, पण माझ्या पद्धतीने. मूळ खेळात शब्द ओळखायचा. अक्षर चुकलं की बर्फाच्या माणसाचा एकेक भाग वितळतो. बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिलेल्या पोरांना त्याचं काय सोयरसुतक? मग गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि वर्गात एकच चर्चा सुरू झाली, "मारुतीच्या कुठवर आलंय?" मी फळ्यावर गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती काढला. अक्षर चुकलं की पाणी चढणार: अँकल, नी, वेस्ट, चेस्ट, नेक. गोदेचा पूर याच मूर्तीवर मोजत वाढलेल्या पोरांना नियम सांगावाच लागला नाही. शब्द ओळखायचा होता 'अंब्रेला', पण अवयव फुकटात पाठ झाले. 'नी'च्या स्पेलिंगमधला पहिला 'के' बोलत नाही, यावर वर्ग अजून नाराज आहे.

संक्रांतीला संचात काहीच नव्हतं, म्हणून क्रियापदांच्या रिकाम्या चौकटीत पतंग घातले. 'फ्लाय, फ्ल्यू, फ्लोन' रडत पाठ झालं. 'कट, कट, कट' मात्र लगेच. "आज काटला काय, काल काटला काय, सारखंच!" एका पोराने स्वतःच शोधून काढलं आणि मागून "गई बोला रे" असा गजर झाला. शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन बघून गेल्या.

आवडलं नाही ते असं. वर्गात फिरून 'अमुक करणारा मित्र शोधा' हा खेळ वीसेक मुलांसाठी ठीक. आमच्याकडे कोणी प्रश्न विचारलाच नाही, एकमेकांच्या कागदावर नावं उतरवून मोकळे झाले. बिंगोची पानं रंगीत छापली तरच उपयोग, आणि तो खर्च खिशातून. लॅमिनेशन केलेली कार्डं श्रावणात कडेने सुटली.

मार्चमध्ये ईस्टरच्या अंड्यांची शोधाशोध होती. मी अंड्यांऐवजी कांदे लपवले. चिठ्ठीवर एकेक वाक्य: अंडर द बेंच, बिहाइंड द कबर्ड. शब्दयोगी अव्ययं इतक्या पटकन मी कधी शिकवली नव्हती. दहा कांदे लपवले, नऊ सापडले. दहाव्याची चिठ्ठीच हरवली होती. परीक्षेच्या आठवड्यात कपाटामागून वास यायला लागला. लाल कांदा होता. उन्हाळ, म्हणजे रब्बीचा कांदा असता तर टिकला असता.