रात्रीचे वांब आणि भिंतीपाशी तीन मिनिटं: नऊ महिन्यांचा अनुभव

आधी काय झालं ते सांगते. आठवड्यातून चार-पाच रात्री पोटरीत वांब यायचे, ते आता महिन्यातून एखाद-दोनदा येतात. यात कुठल्या गोळीचा हात नाही. झोपायच्या आधी भिंतीपाशी उभं राहून तीन मिनिटं पाय ताणते, एवढंच. इतक्या साध्या गोष्टीवर लांबलचक लिहायचं कारण म्हणजे तिथवर पोचायला माझं दीड वर्ष गेलं, आणि त्यातल्या कितीतरी रात्री वाया गेल्या असं आता वाटतं.

ज्याला हे कधी झालं नाही त्याला वाटतं, पाय दुखत असेल. तसं नसतं ते. गाढ झोपेत पोटरीत गोळा चढतो, हात लावला तर दगडासारखा लागतो, पायाची बोटं आपोआप खाली वळतात. तेवढ्यात ओरडून मी यांना उठवायची आणि हे अर्धवट झोपेत माझा चवडा धरून वर ढकलायचे. दोन-तीन मिनिटांत गोळा उतरायचा, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटरी ठणकायची. सगळ्यात वाईट होती ती धास्ती. झोपेत आळस देताना पाय लांब केला आणि चवडा खाली ढकलला गेला की वांब हमखास. म्हणून मी पाय पोटाशी घेऊन, अंग चोरून झोपायला लागले. मग कंबरही धरली.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी बराच वेळ प्रश्न विचारले, आणि त्याचं महत्त्व मला नंतर कळलं. एकाच पायाला सूज, लाली किंवा गरमपणा आहे का? (तसं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, तिथे थांबायचं नाही.) चालताना पोटरी भरून येते आणि उभं राहिलं की कमी होते का? ते रक्तपुरवठ्याचं दुखणं असू शकतं. की दुखत नाही, पण पाय सतत हलवावेसे वाटतात? तो वेगळाच आजार. माझं यातलं काहीच नव्हतं. रक्तातली साखर, थायरॉइड, किडनी, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं ठीक निघालं. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत मात्र लघवी वाढवणारं औषध आहे. २०१२ मध्ये कॅनडात झालेल्या एका अभ्यासात अशा काही औषधांचा, आणि दम्याच्या काही दीर्घकाळ काम करणाऱ्या इनहेलरचाही, वांबांशी संबंध दिसला होता. पण माझा रक्तदाब त्याच गोळीवर नीट राहतो, म्हणून डॉक्टरांनी ती बदलली नाही, आणि मनाने बंद करू नका असं बजावलं. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या: औषध तेच राहिलं.

त्यानंतर मॅग्नेशियम. जवळजवळ प्रत्येक माणूस हेच सुचवतो. मी तीन महिने घेतलं. पहिल्याच महिन्यात वांब निम्म्यावर आले आणि मी चार जणींना खात्रीने सांगून टाकलं की घ्या, गुण येतो. दुसऱ्या महिन्यात ते पुन्हा वाढले. पोटही बिघडायला लागलं. तेव्हा उशाशी एक वही ठेवली, वांब आला की तारीख, वेळ आणि कुठला पाय ते लिहायचं. वहीत स्पष्ट दिसलं की गोळी चालू असतानाही वांब लाटेसारखे येतात आणि ओसरतात. आपण औषध सुरू करतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि त्यानंतर जे ओसरणारच असतं त्याचं श्रेय गोळीला देतो. इस्रायलमधल्या एका चाचणीत, २०१७ ची ती, ९४ जणांना चार आठवडे मॅग्नेशियम किंवा तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली होती. दोन्ही गटांचे वांब आठवड्याला सुमारे तीनने कमी झाले. ते वाचलं तेव्हा माझा पहिला महिना मला उलगडला. ज्या चौघींना सांगितलं होतं त्यांना पुन्हा फोन करून हेही सांगितलं.

एका नातेवाइकांनी क्विनीनच्या गोळ्या देऊ केल्या, त्यांच्या वडिलांना पूर्वी लागू पडल्या होत्या म्हणे. मी घेतल्या नाहीत आणि कुणी घेऊ नयेत असं मला कळकळीने वाटतं. क्विनीनने वांब थोडे कमी होतात हे खरं, पण रक्तातल्या प्लेटलेट अचानक घसरणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं हे त्याचे ज्ञात धोके आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने वांबांसाठी त्याची विनाचिठ्ठी विक्री १९९४ मध्येच थांबवली. पायाच्या गोळ्यासाठी जीव पणाला लावायचा नाही.

आता मूळ गोष्ट. पाय ताणायला मला फिजिओथेरपिस्टने शिकवलं. त्यामागे नेदरलँड्समधली २०१२ ची चाचणी आहे. पंचावन्नच्या पुढचे ८० लोक, सहा आठवडे. निम्म्यांनी झोपण्याआधी पाय ताणले, निम्म्यांनी नाही. ताणणाऱ्यांचे वांब कमी झाले आणि जे आले तेही कमी दुखले.

मी करते ते असं. भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर अनवाणी उभी राहते, तळवे भिंतीला, गुडघे सरळ, आणि टाचा जमिनीला चिकटवून अंग पुढे झुकवते. पोटरीत ओढ जाणवली की तिथेच थांबून सावकाश दहा अंक मोजायचे, मग मागे यायचं. असं तीनदा. मग एक पाय मागे घेऊन त्याचा गुडघा किंचित वाकवते, टाच तशीच खाली. यात ओढ पोटरीच्या खालच्या भागात, घोट्याच्या वर येते. दोन्ही पायांना तीन-तीनदा. शेवटी पलंगाच्या कडेला बसून एक पाय गादीवर लांब करते, बोटं स्वतःकडे ओढते आणि कमरेतून पुढे वाकते, म्हणजे मांडीची मागची बाजूही ताणली जाते.

पहिले दोन आठवडे मी हे चुकीचं करत होते. टाच नकळत उचलली जायची, आणि ती उचलली की सगळं फुकट. पावलं बाहेरच्या बाजूला फिरायची, ती सरळ भिंतीकडेच हवीत. झटके देत ताणायचे, तेही नको. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर तर अजिबात नाही, पाय सरकतो. शिवाय मी सोयीसाठी संध्याकाळीच उरकून टाकायची. ते झोपायला जाण्याच्या अगदी आधी करायला लागल्यापासून फरक पडला. वहीत पाहिलं तर पहिले पंधरा दिवस काहीच बदल नाही, तिसऱ्या आठवड्यापासून उतार, आणि सहाव्या आठवड्यात सलग आठ रात्री कोऱ्या. आठवी कोरी रात्र मोजली त्या सकाळी मला रडू आलं.

तरी लिहायची घाई केली नाही. सुरुवात थंडीत केली होती, आणि वांब उन्हाळ्यात वाढतात हे कॅनडाच्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलंय. तिथे उन्हाळ्यातलं प्रमाण थंडीच्या जवळपास दुप्पट होतं. मॅग्नेशियमच्या वेळी फसले होते, तसं पुन्हा नको होतं. म्हणून पूर्ण उन्हाळा जाऊ दिला. कडक उन्हाळ्यात महिन्याला चार-पाच वांब आले, पण आदल्या उन्हाळ्यात तेवढे एका आठवड्यात यायचे. मधे एकदा आजारपणात नऊ रात्री ताणणं सुटलं, तर सहाव्या रात्री पोटरी पुन्हा वळली. माझ्यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे.

सगळ्यांना लागू पडेल असं मात्र म्हणत नाही. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये क्विनीन घेणाऱ्या १९१ वयस्कर लोकांवर असाच प्रयोग झाला होता आणि त्यात ताणण्याचा फायदा दिसला नाही. दीड-दोन महिने नीट करूनही फरक पडला नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, आणि जाताना वही न्या. माझ्या डॉक्टरांनी ती पान न् पान पाहिली.

अजूनही कधी वांब येतोच. तेव्हा पोटरी दाबत बसण्याआधी गुडघा सरळ करून चवडा नडगीकडे ओढायचा. हात पोचत नसेल तर उशाशी टॉवेल ठेवा, पावलाच्या पुढच्या भागाला अडकवून दोन्ही टोकं ओढा. उभं राहता येत असेल तर टाचेवर भार द्या, चवड्यावर नाही. आता मी यांना न उठवता एक-दीड मिनिटात सुटते. पांघरूणही पायथ्याशी गादीखाली खोचणं सोडलंय, कारण घट्ट पांघरूण उताण्या झोपलेल्या माणसाचे चवडे खाली दाबून ठेवतं.

तळपायाचे वांब मात्र या ताणांना दाद देत नाहीत. गेल्या महिन्यातल्या दोन्ही नोंदी तळपायाच्याच आहेत. त्यासाठी आता बसून बोटं मागे वळवून धरायचा एक वेगळा ताण करतेय. चारच आठवडे झालेत, वहीत अजून काही ठळक दिसत नाही.