डीएनएमध्ये माहिती साठवायची, तर कुपीत की जिवंत पेशीत?

डीएनए-साठवणीवर प्रकल्प करायचं ठरवलं की लगेच दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे यंत्रावर हवा तो डीएनए घडवून, सुकवून कुपीत ठेवायचा. दुसरी म्हणजे माहिती जिवंत पेशीच्या डीएनएत लिहायची आणि तिथेच बदलायची. बातम्यांत दोन्ही एकाच नावाने येतात, त्यामुळे नव्याने येणारे विद्यार्थी दोन्हींकडून एकसारख्या अपेक्षा ठेवतात आणि पुढे अडकतात. माझं मत आधीच सांगते: माहिती नुसती जपायची असेल तर कुपी घ्या. माहिती पेशीतच घडणार असेल, किंवा पेशीत राहून बदलावी लागणार असेल, तरच पेशीच्या वाटेला जा.

कुपीचं पारडं क्षमतेत इतकं जड आहे की तिथे तुलनाच संपते. २०१२ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटाने एक अख्खं पुस्तक चित्रांसह डीएनएत उतरवलं. २०१७ मध्ये यानिव एर्लिख आणि डिना झिलिन्स्की यांनी सुमारे २ मेगाबाइट माहिती साठवली आणि एका ग्रॅममध्ये २१५ पेटाबाइट बसू शकतील अशी घनता दाखवली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठाने २०० मेगाबाइटच्या वर मजल मारली. तीही अशी, की ३५ फाइलींपैकी हवी ती नेमकी बाहेर काढता येईल. टिकाऊपणाबद्दल शंका असेल तर सायबेरियातल्या मॅमथांचे दात आठवा: गोठलेल्या जमिनीत दहा लाख वर्षांहून जास्त काळ पडलेल्या दातांतला डीएनए वाचता आला आहे. थंडी, कोरडेपणा आणि अंधार मिळाला की डीएनएला आणखी काही लागत नाही.

कुपीची अडचण खर्चाची आहे, आणि बदलांची. एर्लिख यांच्या त्या २ मेगाबाइटच्या नुसत्या संश्लेषणाला सुमारे ७,००० डॉलर लागले होते, वाचायला आणखी २,०००. आणि एकदा घडवलेल्या रेणूत चार अक्षरं (म्हणजे बेस) बदलायची म्हटली, तर बहुतेक वेळा तो तुकडा नव्याने घडवणं हाच सरळ मार्ग उरतो.

इथे पेशी मोहात पाडते. ती स्वतःची प्रत स्वतः काढते. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला नेहमीचा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे सकाळपर्यंत अब्जावधी प्रती, त्याही केवळ पोषक द्रवाच्या खर्चात. चीनमधल्या तियानजिन विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये यीस्टमध्ये २,५४,८८६ बेसचं एक कृत्रिम गुणसूत्र बसवलं. त्यात दोन चित्रं आणि एक चित्रफीत होती.

‘पण उत्परिवर्तनं होतील त्याचं काय?’ हा प्रश्न सगळे विचारतात. मला ती भीती थोडी अवाजवी वाटते. ई. कोलायमध्ये प्रत काढताना हजार कोटी बेसमागे साधारण एक-दोनच चुका राहतात. खरी काळजी नैसर्गिक निवडीची आहे. तुमची माहिती पेशीच्या काही कामाची नसते, ती नुसतं ओझं असते. ज्या पेशीने ते ओझं टाकलं ती जरा वेगाने वाढते आणि काही पिढ्यांत नळीभर तिचीच संतती दिसते. माहिती प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर) असेल आणि त्यात तेच ते अनुक्रम पुन्हा पुन्हा येत असतील, तर हे आणखी लवकर घडतं. वाढू न देता उणे ८० अंशांवर ग्लिसरॉलमध्ये गोठवलं तर धोका टळतो, पण मग पेशी जिवंत असण्याचा फायदाही तेवढ्यापुरता थांबतो.

आता संपादन. पेशीचा खरा कस इथे लागतो, आणि इथेही निवड करावी लागते.

पुन्हा पुन्हा लिहायचं आणि पुसायचं असेल, तर रिकॉम्बिनेज, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापून पुन्हा जोडणारी विकरं. स्टॅनफर्डमध्ये जेरोम बोने, पाक्पूम सुबसून्टॉर्न आणि ड्रू एंडी यांनी २०१२ मध्ये ई. कोलायच्या गुणसूत्रावर डीएनएचा एक तुकडा उलटसुलट करता येईल अशी रचना केली. बीएक्सबी१ या जिवाणुभक्षी विषाणूचं इंटिग्रेज विकर तो तुकडा उलटवतं, आणि इंटिग्रेजसोबत एक्सिशनेज हे जोडीदार प्रथिन आलं की तो पुन्हा मूळ दिशेला येतो. तुकड्यात प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) असतो, म्हणून एका दिशेला पेशी लाल चमकते आणि दुसऱ्या दिशेला हिरवी. सिक्वेन्सिंगशिवाय, म्हणजे डीएनएची अक्षरं यंत्रावर न वाचता, डोळ्यांनी वाचता येणारी ही स्मृती शंभरहून अधिक पेशीविभाजनं टिकली. अवघड होतं ते दोन प्रथिनांचं प्रमाण साधणं. एक्सिशनेज कमी पडलं की तुकडे अर्धवट अडकतात. एवढं करून हाती येतो एक बिट. एमआयटीत क्रिस्टोफर व्हॉइट यांच्या गटाने २०१४ मध्ये अकरा वेगवेगळी विकरं वापरून ११ बिट गाठले, म्हणजे २,०४८ अवस्था, पण ते लेखन एकदाच होणारं, कायमचं.

घटनांचा क्रम नोंदवायचा असेल, तर क्रिस्परची, म्हणजे विषाणूंपासून बचावासाठी जिवाणूंकडे असलेली, मूळ यंत्रणा. कॅस१ आणि कॅस२ ही प्रथिनं बाहेरून आलेल्या डीएनएचा छोटा तुकडा उचलून जिवाणूच्या डीएनएतल्या क्रिस्पर मालिकेच्या एका ठरलेल्या टोकाला बसवतात. रोजकीर्दीत नोंदी चढाव्यात तसं हे चालतं: ताजी नोंद कायम त्याच टोकाला, जुनी मागे सरकते, खाडाखोड नाही. २०१७ मध्ये सेथ शिपमन आणि चर्च यांच्या गटाने छायाचित्रकार म्यूब्रिज यांच्या धावत्या घोडीची पाच चित्रं, प्रत्येकी ३६ गुणिले २६ पिक्सेल, पाच दिवसांत ई. कोलायमध्ये घातली आणि सुमारे ९० टक्के अचूकतेने परत वाचली. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कुठल्याही एका जिवाणूत अख्खं चित्र नसतं. ते लाखो पेशींत विखुरलेलं असतं, म्हणून भरपूर सिक्वेन्सिंग अटळ. कोलंबिया विद्यापीठात हॅरिस वांग यांच्या गटाने पुढे विजेच्या संकेतांनी अशी नोंद करवली. संगणकाकडून पेशीकडे थेट लेखन झालं, पण आकार ७२ बिट.

मानवी पेशींत काम करायचं असेल, तर बेस एडिटिंग किंवा प्राइम एडिटिंग, म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे न तोडता त्यातली अक्षरं बदलण्याच्या पद्धती. डेव्हिड लिऊ यांच्या गटाच्या २०१८ च्या पद्धतीत प्रकाश, प्रतिजैविक किंवा विषाणू यांची चाहूल लागली की डीएनएत ठरलेल्या जागी एक अक्षर बदलतं. किती पेशींत बदललं, त्यावरून संकेत किती मोठा होता ते कळतं. जे शेंड्युरे यांच्या गटाने २०२२ मध्ये प्राइम एडिटिंग वापरून एकापुढे एक चिन्हं क्रमाने भरून दाखवली. एका गर्भपेशीची लेकरं पुढे कुठे कुठे गेली हे शोधणाऱ्यांसाठी मला ही सगळ्यांत आशादायक वाट वाटते. अशी माहिती बाहेरच्या कुठल्याही कुपीत मिळणारच नाही.

आपल्याकडे एक व्यावहारिक फरकही आहे. पेशीत परका डीएनए घालायचा, तर १९८९ च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती मध्ये येते. परवानगी आणि कचऱ्याची विल्हेवाट यांचा वेळ आधीच धरा. नुसत्या संश्लेषित डीएनएवरचं काम त्या मानाने सुटसुटीत.

एम.एस्सी.च्या वर्षभरात पूर्ण करायचं असेल, तर मी रिकॉम्बिनेजचा एक बिट घेईन, रंगांवर वाचता येणारा. पीएच.डी. असेल आणि सिक्वेन्सिंगचा खर्च प्रयोगशाळा उचलणार असेल, तर क्रिस्पर किंवा प्राइम एडिटिंग. हाताशी जीवशास्त्राची प्रयोगशाळाच नसेल, पण कोडिंग जमत असेल, तर कुपीच्या बाजूला चूकदुरुस्तीच्या संकेतप्रणालींचं भरपूर काम पडलेलं आहे, आणि ते संगणकावर आजच सुरू करता येतं.