कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी: सेपरेटर, सिलिका जेल की ड्रायर?

सोलापूरची हवा कोरडी, मग कॉम्प्रेसरमध्ये पाणी येतंच कुठून, असं बरेच जण विचारतात. हिशोब करून बघा. सप्टेंबरच्या पावसात ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम बाष्प असतं. गेजवर ७ बार दाब म्हणजे, बाहेरच्या हवेचा साधारण १ बार धरून, अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबलेली. बाष्प झालं जवळपास १७० ग्रॅम, पण ३० अंशाला त्या जागेत मावतं जेमतेम ३०. उरलेलं १४० मिली पाणी होऊन टाकीत नाहीतर नळीत उतरतं. मे महिन्यातल्या ४१ अंशांच्या कोरड्या दुपारीसुद्धा हा आकडा शून्यावर येत नाही.

नुसती टायरमध्ये हवा भरायची किंवा धूळ उडवायची असेल, तर खर्च करूच नका. काम संपलं की टाकीखालचा ड्रेन कॉक उघडून पाणी सोडायचं, बस्स. हे टाळलं तर टाकी आतून गंजते, आणि गंजून पातळ झालेली दाबाची टाकी फुटू शकते. पुढे काहीही बसवलं तरी ही सवय सोडू नका.

स्प्रे गन चालवायची असेल तर पहिली खरेदी मॉइश्चर सेपरेटर. तो हवा गरगर फिरवून पाण्याचे थेंब बाजूला काढतो. फक्त थेंब, बाष्प त्यातून सरळ पुढे जातं. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. सेपरेटर टाकीच्या तोंडाशीच लावला जातो. तिथे हवा अजून गरम असते, पाणी बाष्परूपातच निघून जातं, पुढे नळीत निवतं आणि गनमधून थेट रंगावर येतं. म्हणून आधी हवा निववा, मग सेपरेटर. टाकीनंतर तांब्याच्या पाइपचं वेटोळं आणि त्यावर साधा पंखा एवढ्यानेही मोठा फरक पडतो. भिंतीवरून लाइन नेणार असाल तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) किंवा तांब्याची न्या, तिला थोडा उतार द्या, उताराच्या टोकाला ड्रेन कॉक ठेवा आणि गनची जोडणी पाइपच्या वरच्या बाजूने काढा, म्हणजे तळातून वाहणारं पाणी तिच्यात शिरत नाही. स्वस्त पडतो म्हणून पीव्हीसी पाइप अजिबात नको. हवेच्या दाबाने तो फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात. सेपरेटरची पारदर्शक वाटी पॉलीकार्बोनेटची असेल तर ती थिनरने पुसू नका, तडकते. साबणाचं पाणी पुरे.

सिलिका जेल बाष्पही शोषतं, हा त्याचा खरा फायदा. गाडीची टाकी किंवा कपाटाचं दार अधूनमधून रंगवणाऱ्याला सेपरेटरच्या पुढे त्याचा छोटा डबा पुरतो. नारिंगी दाणे गडद हिरवे झाले की ते भरले असं समजायचं. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येतात. मात्र ऑइलवाल्या पिस्टन कॉम्प्रेसरमधून तेलाचे कण येतात. ते दाण्यांवर बसले की दाणे कायमचे वाया जातात, म्हणून मध्ये तेलाचा बारीक फिल्टर हवाच. सेपरेटर न लावता नुसतं सिलिका जेल लावलं, तर थेंबांनी ते बघता बघता भरतं.

रेफ्रिजरेटेड ड्रायर हवा साधारण ३ अंशांपर्यंत गार करून पाणी काढतो. रोज रंगकाम करणाऱ्याला तोच घ्यायला सांगेन, कारण दाणे बदलायची कटकट नाही. पण त्याच्या पाटीवरची क्षमता ठरावीक तापमानाला मोजलेली असते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये ती बरीच घटते, त्यामुळे आपल्याकडे एक माप मोठाच घ्यावा. विजेचा खर्च वेगळा. महिन्यातून दोनदा गन हातात घेणाऱ्याने एवढे पैसे घालू नयेत. वेटोळं, सेपरेटर आणि सिलिका जेल यांत त्याचं काम चोख होतं.

ड्रायर घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा. पावसाळ्यात लॅकरवर (थिनर उडून झटपट वाळणाऱ्या चकचकीत लेपावर) पांढुरकी झाक येते, तिचा दोष पुष्कळदा लाइनमधल्या पाण्याचा नसतोच. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि खोलीतलं बाष्प त्यावर बसतं. त्यावर महागडा ड्रायरही काही करू शकत नाही. सावकाश उडणारा रिटार्डर थिनर वापरायचा, नाहीतर दुपारी ऊन पडेपर्यंत थांबायचं.