म्युझियमसाठी फंडिंग मिळवून देणारी कन्सल्टन्सी : कागदांना पाच स्टार, प्रपोजलला दोन

ऑफिस कर्वे रोडच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली थोडं वाईट पण लिहिणार आहे आणि तिथल्या एका ताईंचे आमच्यावर उपकार आहेत.

आमचं म्युझियम म्हणजे मावळातल्या जुन्या वाड्याच्या तीन खोल्या. मोट, पाभर, सुताराची-लोहाराची हत्यारं, पायलीपासून चिपट्यापर्यंत धान्याची मापं आणि मोडी कागदांच्या तीन ट्रंका. त्यातल्या एका ट्रंकेला कसर लागली, कागद उचलला की हातात चाळणी, म्हणून ही सगळी पळापळ सुरू झाली. ट्रस्टचे सगळे जण पुण्यातच राहतात, मीटिंग आमच्या घरी, आणि पुण्यात हा विषय निघाला की कुणीतरी केळकर म्युझियम काढणारच. आमचे खजिनदार अण्णा म्हणाले, दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे गोळा केले तेव्हा कुठे होता तुमचा सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्याला द्यायचा पैसा? मी म्हटलं, बरोबर आहे, पण त्यांनाही २० हजारांच्या आसपास वस्तू जमवल्यावर १९७५ साली सगळं सरकारच्याच हवाली करावं लागलं, एकट्याच्या खिशातून म्युझियम उभं राहतं, चालत नाही. अण्णा गप्प बसले, मग पोहे आले.

आधी एका दुसऱ्याच गृहस्थांना भेटलो होतो, ते म्हणाले फी नको, जे येईल त्याचे १० टक्के द्या. देणगीतून टक्केवारी? चहा पिऊन उठलो. या कन्सल्टन्सीने निदान सरळ फी सांगितली, कागदपत्रांचे १८ हजार, प्रपोजल लिहून कंपन्यांना पाठवायचे ३५ हजार. आम्ही दोन्ही घेतलं. इथेच चुकलो.

कागदपत्रांचं काम बघणाऱ्या ताईंबद्दल काय लिहू. पहिल्याच दिवशी आमची फाइल चाळून म्हणाल्या, काका, तुमच्या शेड्यूल वनवर (धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद) अजून वारलेले अध्यक्षच आहेत, चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवायचा अर्ज, कधी टाकला होता? टाकलाच नव्हता, सहा वर्षं!! कंपनीचा पैसा घ्यायचा तर ट्रस्टला १२ए (ट्रस्टच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी) लागतं, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं आणि त्यावर कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, हे १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि आम्हाला पत्ताच नव्हता. धर्मादाय कार्यालयात ताई स्वतः आमच्याबरोबर चार वेळा आल्या, फॉर्मवर सीएची सही-सर्टिफिकेट त्यांनीच करून आणलं. शिवाय २ हजारांच्या वर रोख देणगीला ८०जी मिळत नाही म्हणून दानपेटीशेजारी क्यूआर कोड लावायला लावला, आणि ३१ मेच्या आत १०बीडी (वर्षभरातल्या देणग्यांची माहिती देणारा आयकराचा फॉर्म) भरा नाहीतर रोजचे २०० रुपये लेट फी, हे तर अण्णांच्या डायरीत स्वतःच्या हाताने लिहून दिलं. १८ हजार वसूल, वर एक शाल पण द्यायला हवी होती.

आता प्रपोजल. ३२ पानी पीडीएफ, गुळगुळीत, पहिल्याच पानावर ‘समृद्ध वारशाचे जतन’ आणि मागे शनिवारवाड्याचा फोटो. आमचा काय संबंध शनिवारवाड्याशी? मोटेचा एक फोटो नाही. चौदाव्या पानावर तर ‘बोअरवेलमुळे लाभार्थी महिलांची पायपीट थांबेल’ असं वाक्य, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी संस्थेचं प्रपोजल उचलून नाव बदललेलं. दाखवल्यावर म्हणे टायपो आहे सर. अहो बोअरवेल टायपो?? तोपर्यंत ते ४० कंपन्यांना मेल झालेलं. एकाचंही उत्तर आलं नाही, येणार पण नव्हतं.

स्पॉन्सरशिप आणि सीएसआर यातला फरकही प्रपोजलवाल्यांनी नाही, ताईंनीच समजावला. एका ओळखीच्या कंपनीला गेटवर मोठा लोगो आणि उद्घाटनाला त्यांच्या मालाचा स्टॉल हवा होता, आम्ही खूश. ताई म्हणाल्या, थांबा, मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत, त्यांना ती जाहिरात खर्चात दाखवावी लागेल आणि मग जीएसटीचा विषयही येतो. नुसती आभाराची पाटी असेल तर गोष्ट वेगळी. कंपनीला हे कळल्यावर त्यांचा उत्साह मावळला. वाईट वाटलं पण नंतर ऑडिटमध्ये अडकण्यापेक्षा बरं.

पैसे शेवटी आले ते भलतीकडून. चाकणच्या एका कारखान्यातले मॅनेजर घरच्यांना घेऊन सहज आले होते, त्यांच्या मुलीने अधोली (अर्ध्या पायलीचं माप) घेऊन ज्वारी मोजली, चार अधोल्या ओतल्यावर पायली भरेल म्हणत होती, दोनातच भरली. ती खेळत होती तेवढ्यात यांनी कसर लागलेली ट्रंक बघितली आणि विचारलं, एवढ्याच कामाला किती लागतील? त्या रात्री आम्हीच दोन पानं लिहिली. कागद किती, स्कॅनिंगचा रेट काय, ॲसिड-फ्री फोल्डर, मोडी वाचणारा माणूस आठ महिने, वर्षाला किती शाळा येतात, आणि सोबत त्या चाळणी झालेल्या कागदाचा फोटो. कंपनी कायद्याच्या सातव्या शेड्यूलमध्ये वारसा आणि कला जतन आहेच, ती ओळ ताईंनी घालून दिली. सीएसआर-१ नंबर तयार होता म्हणून दीड महिन्यात मंजूर झालं, नाहीतर मार्च निघून गेला असता. वॉचमनचा पगार आणि लाइटबिल मात्र अजून आमच्याच खिशातून, त्याला कुणी पैसे देत नाही.

तेव्हा जायचं असेल तर फक्त कागदपत्रांचं पॅकेज घ्या, प्रपोजल स्वतः लिहा. ताई चारनंतरच भेटतात, फोन करून जा. गाडी गल्लीत लावू नका, उचलतात. आणि ट्रस्ट डीडची मूळ प्रत न्या, आम्ही झेरॉक्स नेली आणि परत पाठवलं.